गॉथम काय अन् गाविलगड काय!

"काहून बे, हा बॅटमॅन रातीच काहून निंघते?"
"त्यानं मे महिन्यातलं अकोल्याचं ऊन पाह्यलं असंन!"

शेवटचा शो सुटला की गिला वड्याच्या गाडीवर असा वाद पेटतो. वऱ्हाडातल्या सिनेमावेड्यांचे लाडके विषय दोन: कोणत्या सुपरहिरोचं शहर भारी, आणि कोणत्या सिनेमातला विनोद फारच वाह्यात. दोन्हींसाठी हा दारूगोळा घ्या.

आधी घरचं. हिंदी सिनेमाच्या धंद्यात देशाचे जे विभाग पाडलेले आहेत, त्यांना सर्किट म्हणतात. त्यातल्या एकाचं नाव आजही 'सीपी-बेरार' आहे. म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड. हा प्रांत 1950 साली कागदावरून पुसला गेला, 1956 मध्ये वऱ्हाड मुंबई राज्यात आलं, 1960 मध्ये महाराष्ट्रात. पण सिनेमाच्या गल्ल्याचे आकडे येतात तेव्हा सीपी-बेरार जिवंत असतो! अमरावती ही या सर्किटची जुनी पेठ, वितरकांची ऑफिसं इथे आणि भुसावळला. सरकारने मिटवलेला प्रांत सिनेमावाल्यांनी जपून ठेवला, याचा मला मनापासून आनंद वाटतो. अमरावतीत पत्ता विचारा, उत्तरही सिनेमाचंच मिळेल: राजकमल चौक, प्रभात चौक, श्याम चौक, सरोज चौक.

गॉथम कुठून आलं?

बॅटमॅन 1939 साली कॉमिकमध्ये अवतरला तेव्हा त्याच्या शहराला नाव नव्हतं. लेखक बिल फिंगर टेलिफोन डिरेक्टरी चाळत होता, 'गॉथम ज्वेलर्स' हे दुकान दिसलं आणि बारसं झालं. त्याच्या कितीतरी आधी, 1807 मध्ये, वॉशिंग्टन आयर्विंगने न्यू यॉर्कला चिडवायला हे नाव वापरलं होतं. आणि मूळ गॉथम आहे इंग्लंडमधलं एक खेडं. राजाची स्वारी गावातून गेली तर रस्त्याचा खर्च बोकांडी बसेल म्हणून तिथले गावकरी चक्क वेड्याचं सोंग घेऊन बसले, अशी लोककथा आहे. हे गावकरी मला बॅटमॅनपेक्षाही आवडतात.

सुपरमॅनचं मेट्रोपोलिस तर खरोखरच्या गावाने अंगावर घेतलं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मेट्रोपोलिस नावाचं छोटं गाव आहे. 1972 पासून ते 'सुपरमॅनचं गाव' म्हणून मिरवतं, चौकात त्याचा पुतळा आहे आणि स्थानिक वर्तमानपत्राचं नाव 'प्लॅनेट'. तुर्कस्तानात बॅटमॅन नावाचं शहर आहे. 2008 मध्ये तिथल्या महापौरांनी 'आमचं नाव न विचारता वापरलं' म्हणून सिनेमावाल्यांना कोर्टात खेचण्याची भाषा केली होती.

इंद्रजाल कॉमिक्सची पिढी आता म्हणेल, आमच्या वेताळाचं काय? त्याचा मूळ देश 'बेंगाला'. हे बंगालच्या फार जवळ जातं म्हणून भारतीय आवृत्तीत त्याचं 'डेंकाली' केलं. वेताळ तोच, जंगल तेच, पाटी बदलली.

आता आमचा सुपरहिरो

ओळख लपवलेली, दिवसा साधी नोकरी, रात्री अंधारात दुष्टाचा निकाल. बॅटमॅन? नाही, भीम! विराटाच्या घरी बल्लव नावाने स्वयंपाक करायचा, आणि द्रौपदीवर वाईट नजर टाकणाऱ्या कीचकाला त्याने रात्रीच्या अंधारात नृत्यशाळेत गाठून मारलं. वऱ्हाडात सांगतात की कीचकाचं प्रेत जिथे फेकलं ती दरी चिखलदऱ्याची, आणि भीमाने हात धुतले ते भीमकुंड. शेजारी गाविलगडाचा किल्ला. ढग उतरलेले असताना तिथे उभं राहा आणि मग सांगा, गॉथममध्ये असं काय जास्त आहे?

सुपरहिरोंची शाळाही आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 सालचं. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी इथल्या चमूने तिथे जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. केप न घालता!

मालेगावने तर सुपरमॅन स्वतःच बनवला. शेख नासिर यांच्या 'मालेगाव का सुपरमॅन'मध्ये नायक शफीक हा यंत्रमाग कामगार आणि खलनायक घाणीचा, तंबाखूचा भक्त. विनोद असा, की हसता हसता आपल्याच गावातला उकिरडा आठवतो. हा सिनेमा कसा झाला यावर फैजा अहमद खान यांनी 2008 मध्ये माहितीपट केला, आणि रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' 2025 मध्ये थिएटरात आला.

वाह्यात, पण कोणाचा?

इथे दादा कोंडक्यांचं नाव आलंच पाहिजे. 'सोंगाड्या' 1971 चा. दादरच्या कोहिनूर थिएटरने तो उतरवायचं ठरवलं तेव्हा बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले. पुढे दादांच्या सलग नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केला आणि गिनीज बुकात नोंद झाली. ढगळ अर्धी विजार, लोंबती नाडी आणि चेहरा इतका निरागस, की चावट अर्थ आपल्याच डोक्यात आला असं वाटावं. माझ्या मते दादांचं सगळं कसब त्या चेहऱ्यात आहे. तो चेहरा नसलेल्यांनी नुसतं द्वयर्थी बोलून पाहिलं आणि ते ऐकवत नाही. बाईच्या शरीरावरचे काही विनोद दादांचेही आज ऐकवत नाहीत, हेही खरं.

'पांडू हवालदार' 1975 चा. त्यातून राम-लक्ष्मण ही संगीतकार जोडी पुढे आली. त्यातले लक्ष्मण म्हणजे नागपूरचे विजय पाटील. राम लवकर गेले, पण पाटलांनी जोडीचंच नाव लावलं. चावट गाण्यांना चाली देणाऱ्या याच माणसाने पुढे 'मैंने प्यार किया' आणि 'हम आपके हैं कौन' केले!

परदेशातही वाह्यातपणाची किंमत मोजावी लागते. माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी चमूच्या 1979 च्या 'लाइफ ऑफ ब्रायन'वर नॉर्वेत बंदी आली. शेजारच्या स्वीडनमध्ये जाहिरात झळकली: इतका विनोदी, की नॉर्वेने बंदी घातली.

या दोन्ही वेडांची गाठ डेडपूलमध्ये पडते. सुपरहिरो, आणि तोंड सुटलेलं. 'डेडपूल 2'च्या हिंदी आवृत्तीला 2018 मध्ये रणवीर सिंगने आवाज दिला. 2023 चा 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' मराठीतही डब झाला. त्यात पवित्र प्रभाकर नावाचा देशी स्पायडर-मॅन आहे आणि त्याचं शहर मुंबई आणि मॅनहॅटन मिळून झालेलं 'मुंबॅटन'.

मग पुढचा डेडपूल वऱ्हाडीत का नको? मोबाइलवर वऱ्हाडी डबिंगच्या क्लिपा लोक पोट धरून बघतात, आणि अमरावतीच्या भारत गणेशपुरेंनी 'चला हवा येऊ द्या'मधून ही बोली घरोघरी नेली आहे. आवाज अमरावतीचा घ्यायचा की अकोल्याचा, एवढ्यावरच काय ते भांडण होईल.