गुडघ्याची गोळी आणि उपवासाचे दिवस

कन्हानहून रामटेकच्या श्री शांतिनाथ दिगंबर जैन मंदिराच्या दर्शनाला निघालेल्या कुटुंबात गुडघ्यावर हात ठेवून गाडीत चढणारे वडीलधारे माणूस बहुधा असतेच. वय आणि शरीराचा भार वाढला की सांधे कुरकुरू लागतात. दिवसभर पेढीवर मांडी घालून बसणाऱ्याला उठताना ते अधिक जाणवते. मग खिशात वेदनाशामक गोळ्यांची पट्टी येते आणि चातुर्मासात उपवासाच्या दिवशीही ती सवयीने उघडली जाऊ लागते. म्हणून या गोळीचे कार्य समजून घेणे अगत्याचे आहे.

सांध्याला सूज आली की तेथे ‘प्रोस्टाग्लँडिन’ नावाची द्रव्ये निर्माण होतात. त्यांच्यामुळे सूज वाढते व मज्जातंतू हळवे होऊन थोडाही ताण दुखू लागतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधे ही द्रव्ये घडवणाऱ्या ‘कॉक्स’ या विकराला रोखतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये ॲस्पिरिनचे हे कार्य उलगडून दाखविले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. झिजलेली कूर्चा मात्र गोळीने भरून येत नाही. वेदना शमते, झीज राहते.

हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करतात आणि शरीरातील पाणी कमी झाले असता मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवितात. गोळी सांधा आणि जठर असा भेद करीत नाही. चौविहार उपवासात अन्नाबरोबर पाण्याचाही त्याग असतो. नेमक्या त्याच वेळी हा आधार काढून घेतला गेला तर मूत्रपिंडास इजा होऊ शकते. रक्तदाबाची किंवा लघवी वाढविणारी औषधे घेणाऱ्यांना आणि मूत्रपिंड आधीच दुर्बल असणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. जठरातील व्रण कधी कधी न दुखताही रक्तस्राव करतो. शौचास काळी झाल्यास तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

या औषधाची एक बाजू जीवदयेशीही निगडित आहे. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचे मृतदेह खाऊन भारतातील असंख्य गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली. त्यामुळे २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरासाठीच्या या औषधावर शासनाने बंदी घातली. गोशाळेस साहाय्य करणाऱ्या कुटुंबांनी तेथे मेलोक्सिकॅमसारखे गिधाडांना निर्धोक औषधच वापरले जाते ना, हे अवश्य विचारावे.

पर्युषण वा दशलक्षण पर्वापूर्वीच आपली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवावीत. पारण्यापर्यंत गोळी थांबविता येईल का, वेदनाशामक जेल पुरेल का, की पॅरासिटामॉल बरे, हे त्यांनाच ठरवू द्यावे. मांडीच्या स्नायूंचा नियमित व्यायाम आणि आटोक्यातील वजन यांनी गोळीची गरजही कमी होते. पच्चक्खाण घेण्यापूर्वी असा सल्ला घेणे ही तपातील उणीव नव्हे. जी दया आपण सूक्ष्म जीवांवर करतो, तीच थोडी स्वतःच्या देहावर करणे आहे.