जन्मनोंद असलेली बेटे

एजियन समुद्राच्या दक्षिण भागात, क्रीट बेटाच्या उत्तरेस, जगाला सँटोरिनी आणि ग्रीकांना थिरा या नावाने परिचित असलेल्या द्वीपसमूहात प्रवासी जहाज प्रवेश करते, तेव्हा वरवर पाहता ते एका विस्तीर्ण उपसागरात शिरत असले, तरी वस्तुतः एका जागृत ज्वालामुखीच्या उदरात शिरत असते. भूशास्त्रज्ञ ज्याला कॅल्डेरा म्हणतात असे हे महाकुंड सुमारे ११ किलोमीटर लांब व ७ किलोमीटर रुंद असून, सभोवार जवळजवळ ३०० मीटर उंचीचे उभे कडे आणि खाली काही ठिकाणी त्याहूनही अधिक खोल पाणी, अशी त्याची रचना आहे. अशा खोलीत मोठ्या जहाजाने नांगर टाकणे दुष्कर. म्हणून ते फिरा गावाखालच्या जुन्या बंदरासमोर तरंगत राहते आणि उतारूंना लहान बोटींतून धक्क्यावर नेले जाते. तेथून बहुसंख्य लोक रज्जुमार्गाने, काही खेचरांवरून, तर काही जवळजवळ सहाशे पायऱ्या चढून वरच्या शुभ्र घरांकडे जातात. थोडेच लोक पाठ फिरवून, महाकुंडाच्या मध्यभागी असलेल्या निआ कामेनी आणि पालेआ कामेनी या दोन काळ्या बेटांची वाट धरतात. हातात एकच प्रहर असेल, तर या थोड्यांचा मार्ग अधिक श्रेयस्कर, असे माझे निश्चित मत आहे.

याचे कारण असे, की पृथ्वीच्या पाठीवरील बहुतेक भूमी मनुष्याच्या कितीतरी पूर्वीची आहे आणि तिचे वय केवळ अनुमानाने काढावे लागते. या बेटांचा जन्म मात्र माणसांनी डोळ्यांनी पाहिला आणि आपल्या दफ्तरी नोंदवून ठेवला. भोवतालचे महाकुंड अनेक उद्रेकांनी घडत गेले व त्यांतला शेवटचा प्रलयंकर उद्रेक इसवी सनापूर्वी १६०० च्या आसपासचा. त्या वेळी राखेखाली गाडले गेलेले आक्रोतिरी हे नगर स्पिरिडॉन मारिनातोस यांनी १९६७ पासून उत्खनन करून उजेडात आणले. तेथे भित्तिचित्रे सापडली, रांजण सापडले, पण माणसांचे सांगाडे सापडले नाहीत. तेव्हा आधीच्या भूकंपांची सूचना ओळखून लोक घरेदारे सोडून निघून गेले असावेत, हे अनुमान सयुक्तिक ठरते.

पुढची हकीकत लेखी आहे. इसवी सनापूर्वी १९७ मध्ये येथे वर आलेल्या बेटाचे वर्णन स्ट्रॅबो या भूगोलकाराने केले आहे: थिरा आणि शेजारचे थिरासिया बेट यांच्या मधोमध चार दिवस समुद्रातून ज्वाळा उसळल्या, पाणी उकळले आणि तप्त खडकांचे एक बेट हळूहळू वर उचलले गेले, उद्रेक शमल्यावर ऱ्होड्सच्या दर्यावर्दींनी प्रथम त्यावर पाऊल ठेवून समुद्रदेव पोसायडनचे मंदिर उभारले. पालेआ कामेनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात जन्मली. ७२६ साली तिथे झालेल्या उद्रेकाचा प्यूमिस, म्हणजे पाण्यावर तरंगणारा सच्छिद्र दगड, आशिया मायनरच्या किनाऱ्यापर्यंत वाहत गेला. आणि बायझंटाइन सम्राट तिसरा लिओ याने हा मूर्तिपूजेवरील ईश्वरी कोप मानला, असे बखरकार थिओफानीस लिहितो. १७०७ च्या मे महिन्यात पाण्यातून पांढुरका खडक डोकावू लागला, तेव्हा फुटलेले गलबत समजून काही रहिवासी त्याच्याकडे गेले, त्यावरचे कालव वेचू लागले आणि पायाखालचा खडक हलतो आहे असे जाणवताच पळत सुटले. हीच निआ कामेनीची पहिली चाहूल. १८६६ च्या उद्रेकाने तिचा विस्तार झाला. त्याचा अभ्यास करण्यासाठी आलेल्या फेर्दिनां फूके या फ्रेंच भूशास्त्रज्ञाने १८७९ साली प्रसिद्ध केलेला ग्रंथ ज्वालामुखीशास्त्रात आजही आदराने उल्लेखिला जातो. विसाव्या शतकातही उद्रेक झाले आणि त्यांतला अखेरचा १९५० चा.

निआ कामेनीच्या धक्क्यापासून वर जाणारी पायवाट कोळशासारख्या काळ्या, धारदार शिळांच्या राशींतून जाते. शिखराची उंची जेमतेम १२७ मीटर. माथ्याजवळच्या विवरांच्या कडेला आजही उष्ण वाफा निघतात व गंधकाचा दर्प येतो. ज्यांचे पाय सह्याद्रीच्या कातळाला सरावले आहेत, त्यांना येथे एक भेद चटकन जाणवेल. दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून पातळ प्रवाहाने पसरला, म्हणून आपल्या डोंगरांना थरावर थर असे पायऱ्यांचे रूप आले. येथला डेसाइट जातीचा लाव्हा सिलिका अधिक असल्यामुळे चिकट, तो दूरवर न वाहता तोंडाशीच साचतो, थिजतो आणि फुटून त्याचे ढीग होतात. पालेआ कामेनीच्या खाडीत लोहाच्या अंशाने तांबूस झालेले कोमट पाणी आहे आणि उतारू बोटीतून उडी टाकून त्यात पोहतात.

आपल्या मुंबईचाही येथल्या राखेशी एक अप्रत्यक्ष संबंध आहे. सुएझ कालव्याच्या बांधकामात पाण्याखाली घट्ट होणारा चुना करण्यासाठी थिरासियाची ज्वालामुखी राख खणून नेली जात असे, आणि त्या खोदकामातच राखेखालची प्राचीन घरे प्रथम दृष्टोत्पत्तीस आली. १८६९ मध्ये कालवा खुला झाल्यावर मुंबई आणि युरोप यांच्यामधला आफ्रिकेचा वळसा टळला. ज्या बांधकामाने हे साधले, त्याच्यात या द्वीपसमूहाच्या उद्रेकाचा अंश मिसळलेला आहे.

हे महाकुंड जहाजांच्याही गाफीलपणाला क्षमा करीत नाही. ५ एप्रिल २००७ रोजी ‘सी डायमंड’ हे प्रवासी जहाज किनाऱ्याजवळच्या खडकावर आदळले आणि दुसऱ्या दिवशी बुडाले. हजाराहून अधिक लोक वाचले, परंतु दोन फ्रेंच प्रवासी बेपत्ता झाले. जहाजाचा सांगाडा अद्याप तळाशी आहे. तरी जहाजांचा ओघ थांबला नाही. सुमारे साडेपंधरा हजार वस्तीच्या बेटावर एका दिवसात जहाजांतून किती जणांनी उतरावे, हा प्रश्न इतका विकोपाला गेला, की २०२५ पासून ही संख्या ८,००० वर मर्यादित करण्यात आली आणि ऐन हंगामात प्रत्येक उतारूवर २० युरोचा कर बसला. हा कर रास्तच आहे. पण पाणी, रस्ते आणि कचरा यांचा भार वाहणाऱ्या रहिवाशांच्या पदरी त्यातला वाटा पडला, तरच तो न्याय्य ठरेल. त्याच वर्षाच्या प्रारंभी थिरा आणि आमोर्गोस या बेटांच्या दरम्यान हजारो भूकंपांचे धक्के बसले. त्यांतला सर्वांत मोठा ५.३ तीव्रतेचा होता. शाळा बंद झाल्या आणि ११,००० हून अधिक लोक बेट सोडून गेले. भूगर्भात शिलारस सरकल्यामुळे हे धक्के बसले, असे संशोधकांनी पुढे मांडले. उद्रेक झाला नाही, लोक परतले आणि उन्हाळ्यात जहाजे नेहमीप्रमाणे कड्याखाली येऊन उभी राहिली.