सुईत दोरा ओवायची जागा

हौशी कॅमेरा : लेखांक ६

माझ्या आजीचा चांगल्या कॅमेऱ्यातला एकच फोटो आमच्या घरी आहे. ठेवणीतलं नऊवारी नेसून ती खुर्चीत ताठ बसली आहे. फ्लॅशने चष्म्याच्या काचा पांढऱ्या झाल्या आहेत आणि मागच्या भिंतीवर तिची काळी सावली चिकटली आहे. कॉलेजात असताना कॅमेरा मागून आणून मीच तो काढला. त्या वेळी ती माजघराच्या खिडकीशी सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मी तिला तिथून उठवलं, साडी बदलायला लावली आणि बाहेरच्या खोलीत आणून बसवलं. "इथं काय वाईट आहे रे?" असं तिने विचारलंही होतं. आज मला हवा आहे तो त्या खिडकीतला फोटो, आणि तो कुठेच नाही.

गेल्या आठवड्यात आपण शटरचा वेग पाहिला. या आठवड्यात खिडकी पाहू, कारण उजेड ओळखायला शिकण्यासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही. आणि ती शोधायला कुठे जावं लागत नाही. घरातली माणसं सुईत दोरा कुठे जाऊन ओवतात ते बघा. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायला वडील कुठे जातात, पायात गेलेला काटा कुठे बसून काढतात, मेथी कुठे निवडतात? डोळ्यांना ताण पडला की माणूस न सांगता जिथे सरकतो, तिथे कॅमेऱ्यालाही नीट दिसतं.

आजीच्या सुपाकडे जरा जवळून बघू. खडा बहुतेकदा तांदळाच्याच रंगाचा असतो. डोक्यावरच्या दिव्याखाली तो दाण्यांत मिसळून जातो. पण उजेड बाजूने, तिरका आला की प्रत्येक दाण्याच्या एका अंगाला बारीकशी सावली पडते. तांदळाची सावली लांबट आणि सारखी, खड्याची वेडीवाकडी. आजी सूप किंचित हलवायची, सावल्या हलायच्या आणि तिचं बोट नेमकं खड्यावर जायचं. ती खडा शोधत होती खरी, पण सापडायचा तो त्याच्या सावलीमुळे.

फोटोतही हेच घडतं. वस्तूचा उंचसखलपणा आपल्याला सावलीतून कळतो. हातावरच्या शिरा, लुगड्याचा पोत, भाकरीचा सुटलेला पापुद्रा, पाट्यावरचे टाक्याचे ठोके हे सगळं तिरक्या उजेडात उमटतं. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारून, समोरून उजेड टाकतो. त्यामुळे सावल्या वस्तूच्या मागे दडतात आणि चेहरा थाळीसारखा सपाट दिसतो. घरातल्या माणसांचे फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा, हे मी या लेखमालेत पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

तिरका उजेड तर उन्हातही मिळतो. मग खिडकीच का? कारण खिडकी मोठी असते. सूर्य प्रत्यक्षात प्रचंड असला तरी आपल्या आकाशात तो जेमतेम अर्ध्या अंशाएवढा दिसतो. उजेडाचा उगम असा लहानसा दिसत असला की सावलीची कड सुरीने कापल्यासारखी येते. खिडकीतून मात्र आकाशाचा अख्खा तुकडा आत येतो. त्यातला उजेड एकाच जागेवरून येत नसल्याने नाकाची सावली गालावर हळूहळू विरत जाते. खिडकी जितकी जवळ तितकी ती मोठी दिसते आणि सावली तितकी मऊ होते.

हे वाचून सोडू नका, करून बघा. एक बटाटा घ्या. दिवसा खोलीतले दिवे बंद करून तो खिडकीपासून हातभर अंतरावर स्टुलावर ठेवा आणि फोटो काढा. मग स्टूल एकेक पाऊल आत सरकवत न्या, प्रत्येक पावलाला एक फोटो. पहिल्या फोटोत उजेडाकडून सावलीकडे जाणारा उतार सावकाश असेल. चौथ्या-पाचव्यापर्यंत सावलीची कड ठळक होईल आणि फोटोत बारीक दाणे दिसू लागतील. ते दाणे उजेड कमी पडल्याचे. भर दुपारी उघड्यावर साधारण १ लाख लक्स उजेड असतो, खिडकीच्या आत हाताच्या अंतरावर हजाराच्या आसपास आणि मागच्या भिंतीशी शंभर-दीडशे. आपला डोळा इतक्या सहज जुळवून घेतो की हा फरक आपल्याला जाणवतच नाही. कॅमेऱ्याला मात्र तो शटर जास्त वेळ उघडं ठेवून किंवा आयएसओ वाढवून भरून काढावा लागतो. बटाट्याऐवजी कुणाला बसवलंत तरी चालेल, पण बटाटा कंटाळत नाही, आणि त्याच्या खडबडीत सालीवर उजेडाची चाल फार छान कळते.

माणूस बसवायचा झाला तर त्याला खिडकीकडे पाठ करून बसवू नका. खिडकीला काटकोनात बसवा, म्हणजे एक गाल उजेडात आणि दुसरा सावलीत राहील. सावलीतला गाल फारच काळा वाटला तर त्या बाजूला पांढरा पंचा धरा किंवा खुर्चीच्या पाठीवर टाका. पंच्यावरून परतलेला उजेड सावली थोडी उचलतो. स्टीलची परातही लोक धरतात, पण तिच्यामुळे चेहऱ्यावर चकाकते ठिपके पडतात, पंचाच बरा. ऊन थेट आत येत असेल तर जुनं पांढरं धोतर खिडकीवर टांगा. मोबाइलवर काढत असाल तर पडद्यावर चेहऱ्यावर बोट दाबून धरा आणि बाजूला येणारं सूर्याचं चिन्ह किंचित खाली ओढा. काळोख्या खोलीकडे बघून फोन फोटो नको तेवढा उजळतो आणि कपाळ जळाल्यासारखं पांढरं पडतं.

आणि ट्यूबलाइट बंद करा. आकाशातून येणारा उजेड निळसर असतो, घरातल्या दिव्याचा अनेकदा पिवळट किंवा हिरवट. दोन्ही एकत्र आले की अर्धा चेहरा एका रंगाचा आणि अर्धा दुसऱ्या, आणि मग कॅमेरा कोणताही एक रंग नीट धरू शकत नाही.

चित्रकारांची उत्तरेकडच्या खिडकीची शिफारस तुम्ही ऐकली असेल. तिथे ऊन थेट येत नाही, दिवसभर उजेड सारखा राहतो, असं म्हणतात. युरोपात ते बहुतांशी बरोबर आहे. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो. मुंबईत १५ मे आणि २७ जुलैच्या आसपास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तेच आपले शून्य सावलीचे दिवस. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. शिवाय मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तो पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, त्यामुळे आपल्या उत्तरेच्या खिडकीत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन डोकावतं. दिवाळीपासून होळीपर्यंत मात्र ती खिडकी चित्रकारांच्या शब्दाला जागते.

गंमत म्हणजे ही सगळी कला खिडकीतच जन्मली. फ्रान्समध्ये नीसेफोर न्येप्स यांनी १८२६-२७ च्या सुमारास घेतलेला, आज टिकून असलेला सर्वांत जुना कॅमेऱ्यातला फोटो त्यांच्याच घराच्या वरच्या खिडकीतून दिसणाऱ्या छपरांचा आहे. त्याला इतका वेळ लागला की सूर्य एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला आणि इमारतींच्या दोन्ही अंगांवर ऊन उमटलं. इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८३५ मध्ये टिपलेली सर्वांत जुनी निगेटिव्ह त्यांच्या घरातल्या जाळीदार खिडकीची आहे, आकाराने टपालाच्या तिकिटाएवढी.

मला मात्र सर्वांत जवळचा वाटतो तो प्रागचा योसेफ सुदेक. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला. पुढे नाझी अमलात बाहेर कॅमेरा घेऊन हिंडणं अवघड झालं, तेव्हा त्याने आपल्या स्टुडिओची खिडकी टिपायला सुरुवात केली आणि १९४० पासून १९५४ पर्यंत तो ती टिपत राहिला. काचेवर साचलेली वाफ, ओघळणारं पाणी, पलीकडे अंगणातलं वाकडं झाड, कधी कठड्यावर पेल्यात ठेवलेलं फूल. ही चित्रं पाहिली की प्रवासाला जाता आलं नाही म्हणून कॅमेरा कपाटात ठेवणाऱ्यांसाठी माझा जीव तुटतो.

आता प्रवासाकडे वळू, कारण घरच्या खिडकीत बसलेली नजर बाहेर गेल्यावर फार कामाला येते. गावोगावी बारीक काम करणारी माणसं उजेड धरूनच बसतात. सोनार, रस्त्याकडेला आरसा टांगून बसलेला न्हावी, दुकानाच्या दाराशी मशीन ठेवलेला शिंपी, पेणच्या कारखान्यात दाराच्या तोंडाशी बसून मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर. नव्या गावात गेलो की मी आधी अशी माणसं शोधतो. फोटोची निम्मी तयारी त्यांनी करून ठेवलेली असते.

येवल्यात एका घरात पैठणीचा माग पाहिला तो असाच. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणकर ताई बसल्या होत्या, डाव्या हाताला खिडकी. पदरावर मोर विणायचं चाललं होतं. प्रत्येक रंगाच्या रेशमाची वेगळी छोटी कांडी, बोटांनी धागे मोजायचे, उचलायचे, कांडी पलीकडे सारायची. पैठणीचा मोर मागून पाहिला तरी पुढूनसारखाच नेटका दिसावा लागतो, म्हणजे चुकायला जागाच नाही. खिडकीचा उजेड रेशमावर घसरत होता आणि जरीच्या कडेला लहान लहान ठिणग्या दिसत होत्या. मी बराच वेळ नुसता बसून राहिलो, मग विचारलं, "ताई, फोटो काढू का?" त्या म्हणाल्या, "काढा की, पण दिवा लावू नका, जर चमकते आणि धागा दिसत नाही." जे शिकायला मला वर्षं लागली, ते त्यांच्या रोजच्या कामात होतं. घरी परतल्यावर फोटोची प्रत त्यांना पोस्टाने पाठवली. कुणाच्या घरात बसून फोटो काढलात तर प्रत पाठवायची, हा माझा कायमचा नेम आहे आणि तुम्हीही तो पाळावा अशी माझी मनापासून विनंती आहे.

दगडात कोरलेली खिडकी बघायची असेल तर कार्ल्याला जा. एकवीरा आईच्या देवळाला लागूनच देशातल्या सर्वांत मोठ्या चैत्यगृहांपैकी एक आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं. दारांच्या वर घोड्याच्या नालेच्या आकाराचा भव्य गवाक्ष आहे. लेणं पश्चिमाभिमुख असल्यामुळे तिथे सकाळी जाऊन फोटो काढणाऱ्यांना आत काळोख भेटतो. दुपार कलली की उजेड त्या गवाक्षातून आत उतरतो, छताच्या लाकडी फासळ्यांवरून खांबांवर येतो आणि टोकाच्या स्तूपापर्यंत विरत विरत पोचतो. बटाट्याने शिकवलेलं सगळं तिथे दिसतं: दाराजवळच्या खांबांवर ठळक उजेड, आत जावं तसा तो मंद. दाराकडे पाठ करून उभे राहा, स्तूपाच्या उजळ अंगावर मोजमाप घ्या आणि कोपऱ्यांतल्या अंधाराला अंधारच राहू द्या.

या आठवड्याचा अभ्यास. घरात सुईत दोरा ओवायची जागा कोणती, हे घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा. त्याच जागेचा फोटो सकाळी सात, दुपारी बारा, चार आणि दिवेलागणीच्या आधी घ्या, कॅमेरा एकाच ठिकाणी ठेवून. शक्य असेल तर एका फोटोत त्या माणसालाही त्याचं काम करताना घ्या, साडी किंवा सदरा बदलायला न लावता.

पुढच्या आठवड्यात खिडकी बंद करू. दुपारी खोली अंधारी करून झोपलं की दाराच्या भोकातून रस्त्यावरची सायकल भिंतीवर उलटी जाताना तुम्ही कधी पाहिली असेल. हंपीच्या विरुपाक्ष मंदिरातही एका अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर गोपुराची सावली अशीच उलटी पडते. तिथून पुढे सुरू करू.