‘आऽऽ’ म्हणा, आम्ल मोजू!

दाभोळच्या बंदरावर हाका मारून एखाद्याचा घसा बसला, की खापर ओरडण्यावर फुटतं. पण कधी कधी दोषी असतं ते जठरातून घशापर्यंत चढलेलं आम्ल. छातीत जळजळ नसली, तरी आवाज घोगरा होतो.

आम्लावरच्या औषधाने आवाजात फरक पडला का, हे मोजायचं कसं? रुग्णाला एका सुरात ‘आऽऽ’ म्हणायला लावतात. स्वरतंतूंच्या लागोपाठच्या कंपनांतली तफावत संगणक टिपतो: कालावधीतली ती ‘जिटर’, जोरातली ती ‘शिमर’.

आकडे सुधारले, तरी माणसाची कुरकुर उरतेच. म्हणून १९९७ साली अमेरिकेत ३० प्रश्नांची आवाज-प्रश्नावली आली. गुण ० ते १२०, जितके जास्त तितका त्रास मोठा. आम्ल वर चढण्याबद्दलची (रिफ्लक्स) २००२ची प्रश्नावली अवघ्या नऊ प्रश्नांची. त्यात सतत खाकरण्याबद्दलही विचारतात. उत्तर घरच्यांनी दिलं, तर पैकीच्या पैकी गुण ठरलेले!