ध्वनीला फुटलेलं बोट

आगाशीची सुकेळी प्रसिद्ध आहेत. राजेळी केळी पुरती पिकली की सोलायची आणि उन्हात वाळवायची. पण पिकलेपणाची सगळी गोष्ट सालीचा रंग सांगत नाही. केळं हलकेच दाबून पाहावं लागतं. वैद्यही शतकानुशतकं हेच करत आले. पोट दाबून यकृताचा अंदाज घ्यायचा, मान चाचपून गाठ शोधायची. आजारात ऊतींचा कडकपणा बदलतो आणि तो बोटांना कळतो. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरापर्यंत मात्र बोट पोहोचत नाही. तिथे आता ध्वनी चाचपणी करू लागला आहे. या तंत्राला इलॅस्टोग्राफी म्हणतात.

हे अस्तर, म्हणजे एंडोमेट्रियम, मुळातच अचाट. पाळी संपते तेव्हा ते जेमतेम दोन-चार मिलिमीटर उरतं आणि पुढच्या दोनेक आठवड्यांत वाढून दुप्पट-तिप्पट होतं. गर्भ रुजला नाही तर गळून पडतं आणि पुन्हा उगवतं, तेही वण न ठेवता. एरवी जखम भरली की त्वचेवर खूण राहते; इथे दर महिन्याला जखम होते आणि खूण राहत नाही.

६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली आणि भारतात आयव्हीएफचं पर्व शास्त्रीय नोंदींसह सुरू झालं. शरीराबाहेर गर्भ तयार करणं माणसाला जमलं. पण तो रुजवून घ्यायचा की नाही, यात अजूनही अस्तराचा शब्द मोठा असतो. म्हणून डॉक्टर योनिमार्गातून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतात. सात मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर काळजी करतात. तरीही जाडी उत्तम असून गर्भ रुजत नाही आणि पातळ अस्तरातही कधी रुजतो. जाडीवरून पोत कळत नाही, ही खरी अडचण.

१९९१ मध्ये अमेरिकेत जोनाथन ओफिर आणि सहकाऱ्यांनी ऊतींचा कडकपणा पाहण्याची एक साधी युक्ती मांडली. ऊतींचं ध्वनिचित्र घ्या, किंचित दाबा, पुन्हा घ्या. मऊ भाग जास्त चेपतो, कडक भाग कमी. दोन चित्रांतला फरक रंगांत दाखवला की कडकपणाचा नकाशा तयार.

पुढची युक्ती तर थक्क करणारी आहे. तिच्यात हाताने दाबायचंही नाही. यंत्र ध्वनीचा एक केंद्रित झोत सोडतं आणि त्याच्या रेट्याने आतली ऊती काही मायक्रॉन सरकते. त्या धक्क्याने आडव्या लहरी बाजूला पसरतात. सोनोग्राफीचा ध्वनी शरीरात सेकंदाला सुमारे १५४० मीटर धावतो. या लहरी मात्र सेकंदाला एक ते दहा मीटरच्या संथ चालीने जातात. ऊती जितकी कडक, तितकी लहर वेगवान. वेग दुप्पट झाला तर कडकपणा चौपट निघतो: सेकंदाला एक मीटर म्हणजे सुमारे ३ किलोपास्कल, दोन मीटर म्हणजे १२.

पण ही लहर पकडायची कशी? सेकंदाला दोन मीटरने जाणारी लहर पंचवीस मिलिसेकंदांत पाच सेंटिमीटर पार करते. नेहमीच्या चित्रात ती दिसेपर्यंत निघूनही जाते. कारण नेहमीचं यंत्र एकेक रेघ जोडत चित्र भरतं. पॅरिसमध्ये मातियास फिंक यांच्या गटाने एकाच सपाट ध्वनिलहरीत अख्खं चित्र टिपायची वाट काढली. सहा सेंटिमीटर खोल जाऊन परतायला ध्वनीला सेकंदाचा साधारण बारा हजारावा भाग लागतो. म्हणजे सेकंदाला हजारो चित्रं घेता येतात आणि लहर पावलागणिक दिसते.

वंध्यत्वाच्या तपासणीत याचा उपयोग काय? अस्तरातला पॉलिप बहुधा आजूबाजूच्या ऊतींसारखा मऊ असतो. अस्तराखालून आत डोकावणारा फायब्रॉइड सहसा कडक. साध्या सोनोग्राफीत दोन्ही गाठी एकमेकींसारख्या दिसू शकतात, इथे त्यांचा स्वभाव वेगळा पडतो. वण धरलेली ऊतीही कडक होते. आपल्याकडे गर्भाशयाचा क्षयरोग हे वंध्यत्वाचं एक गंभीर कारण आहे. त्यात अस्तर खराब होतं, आतल्या भिंती एकमेकींना चिकटतात, म्हणजे चिकटे तयार होतात. मात्र कडकपणा दिसला म्हणून टीबी ठरत नाही. त्यासाठी अस्तराचा नमुना तपासावाच लागतो. पॉलिप असो वा चिकटे, शेवटचा निकाल दुर्बिणीतून पाहणं आणि बायोप्सी यांचाच.

मर्यादाही आहेत. काही मिलिमीटरचं अस्तर मोजायला नाजूक. तपासणाऱ्याचा हात जरा जास्त दाबला गेला तरी आकडा बदलतो; यंत्र बदललं तरी बदलतो. पाळीचा कितवा दिवस, हेही पाहावं लागतं. गर्भ रुजेल की नाही हे सांगणारा सर्वमान्य आकडा अजून ठरलेला नाही.

म्हणून आगाशीहून विरार गाठून, लोकलने मुंबईत तपासणीला जाणाऱ्या जोडप्याने रंगीत चित्राने हरखू नये आणि घाबरूही नये. डॉक्टरांना एवढंच विचारावं: या चाचणीच्या निकालाने आमच्या उपचारात काय बदलणार आहे? काही बदलणार असेल तर चाचणी जरूर करावी. नसेल, तर तो खर्च पुढच्या उपचारासाठी राखून ठेवावा.