५२ विरुद्ध ४८ : निकालानंतरचा गोंगाट कसा वाचायचा?

सार्वमत म्हणजे एका प्रश्नावर लोकांनी थेट दिलेला कौल. आपल्याला जवळचं उदाहरण गोव्याचं. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, यावर १६ जानेवारी १९६७ ला तिथे मतदान झालं. केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मतं पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. फरक ठळक होता. पण फरक थोडाच असेल तर? हरलेले लोक निकाल मान्य करतात का, आणि का करतात? राज्यशास्त्रात याला ‘पराभूतांची संमती’ म्हणतात. अँडरसन आणि सहकाऱ्यांचं २००५ चं ‘लूझर्स कन्सेंट’ हे पुस्तक याच विषयावर आहे. लोकशाही जिंकणाऱ्यांच्या आनंदावर टिकत नाही, हरणाऱ्यांनी पुढच्या वेळी पुन्हा मतदानाला येण्यावर टिकते.

यासाठी ब्रेक्झिटची केस घेऊ. २३ जून २०१६. बाहेर पडण्याच्या बाजूने ५१.९ टक्के, राहण्याच्या बाजूने ४८.१ टक्के. निकालानंतर प्रतिक्रियांचा पूर आला. संशोधक म्हणून त्यातलं काय उचलायचं? तीन गोष्टी बघा.

१. याचिका

दुसरं सार्वमत घ्या, अशी ऑनलाइन याचिका ब्रिटिश संसदेच्या साइटवर होती. तिच्यावर ४१ लाखांहून जास्त सह्या झाल्या. ‘हरलेल्यांचा रडीचा डाव’ असं लगेच म्हणावंसं वाटतं ना? थांबा. ही याचिका निकालाच्या आधी, मे महिन्यात तयार झाली होती आणि ती करणारा बाहेर पडण्याच्या बाजूचा होता! मतदान ७५ टक्क्यांपेक्षा कमी आणि जिंकणाऱ्याला ६० टक्क्यांपेक्षा कमी मतं, तर पुन्हा मतदान घ्या, अशी तिची मागणी होती. आपण हरणार असं वाटत असताना लिहिलेला नियम, जिंकल्यावर विरोधकांच्या हाती गेला. नायजेल फराज यांनीही मे महिन्यात म्हटलं होतं की ५२-४८ असा निकाल लागला तर विषय संपणार नाही. त्यांच्या मनात तेव्हा आपली बाजू ४८ वर होती. म्हणजे ‘नियम न्याय्य आहे का’ याचं उत्तर माणूस कुठल्या बाजूला उभा आहे त्यावरून बदलतं. संशोधनाचा प्रश्न इथे आहे.

आणखी एक. यातल्या सुमारे ७७ हजार सह्या बनावट म्हणून काढून टाकाव्या लागल्या. सह्यांचा आकडा म्हणजे लोकमताचं सॅम्पल नव्हे. सही करणारा स्वतःहून येतो, आपण त्याला निवडलेलं नसतं.

२. गुगल

निकालानंतर ‘युरोपियन युनियन म्हणजे काय’ हा प्रश्न ब्रिटनमध्ये खूप शोधला जातोय, असं गुगल ट्रेंड्सने सांगितलं. बातम्या आल्या : लोकांनी आधी मत दिलं आणि मग अर्थ शोधला! वाचायला मजा येते, पण हा निष्कर्ष त्या डेटातून निघतच नाही. ट्रेंड्स सापेक्ष प्रमाण दाखवतं, माणसं मोजत नाही. शोधणाऱ्याने मत दिलं होतं का, कोणाला दिलं, तो शाळकरी मुलगा होता का, यातलं काहीच त्यात नसतं. लोक अडाणी आहेत असं आपल्याला आधीच वाटत असेल तर असा आकडा फार पटकन पटतो. म्हणून तर जास्त सांभाळायचं.

३. भाजक

जिंकलेले म्हणाले, ‘ही जनतेची इच्छा.’ हरलेले म्हणाले, ‘जेमतेम ३७ टक्क्यांची.’ गंमत म्हणजे दोघांचं गणित बरोबर आहे. मतदान ७२.२ टक्के झालं. नोंदणीकृत मतदारांपैकी ३७.४ टक्के बाहेर पडण्याच्या बाजूने, ३४.७ टक्के राहण्याच्या बाजूने, आणि जवळपास २८ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी २९ लाख लोक, मतदानालाच आले नाहीत. प्रत्येकाने आपल्या सोयीचा भाजक घेतला.

मतदारयादीत कोण, हा त्याआधीचा प्रश्न. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मताचा हक्क होता. म्हणजे लंडनमध्ये शिकणारा पुण्याचा मुलगा नाव नोंदवून मत देऊ शकत होता, आणि तिथे वीस वर्षं राहणारा फ्रेंच नागरिक नाही. ‘जनता’ हा शब्द लिहिताना हे आठवा.

मग तुम्ही काय कराल?

समजा ‘अटीतटीच्या सार्वमतानंतरच्या प्रतिक्रिया’ हा विषय घेतलात. एका केसवर थांबू नका. क्वेबेकमध्ये १९९५ ला फरक ५४,२८८ मतांचा होता आणि मतदान ९३ टक्क्यांच्या वर. कोलंबियात २०१६ च्या शांतता करारावर फरक जवळपास तितकाच, सुमारे ५४ हजारांचा, पण मतदान ३७ टक्क्यांच्या आसपास. फरक सारखा, सहभाग अगदी वेगळा. आता प्रश्न आपोआप सुचतो : हरणाऱ्याला निकाल पटतो तो फरकामुळे, की ‘सगळे आले होते’ या भावनेमुळे? दोन केसवरून उत्तर मिळणार नाही, पण चांगलं गृहीतक नक्की मिळेल.

आणि प्रतिक्रिया गोळा करताना एक वही वेगळी ठेवा : जे बोललेच नाहीत त्यांच्यासाठी. सही न करणारे, मोर्चात न गेलेले, मत न दिलेले. सोशल मीडियावर ते सापडत नाहीत, त्यासाठी सर्वेक्षण किंवा मुलाखतीच कराव्या लागतात. काम कंटाळवाणं आहे, पण ते सोडलंत तर तुमचा प्रबंध फक्त मोठ्याने बोलणाऱ्यांचा होईल.