टाकीच्या बुडावरचा शिक्का : कोलमन कंदिलांचा कालनिर्णय

पंपाने हवा भरून पेटवायच्या बत्तीला, मग ती कोणत्याही कारखान्यातली असो, मराठीत सरसकट ‘पेट्रोमॅक्स’ म्हटले जाते, वस्तुतः हे नाव बर्लिनच्या एका कंपनीच्या रॉकेलवरच्या बत्तीचे होय. मात्र अशा बत्त्यांचे वय ठरवण्याची विद्या सर्वांत नेटकी उतरते ती अमेरिकेतील विचिटा येथील कोलमन कंपनीच्या कंदिलांवर, कारण त्यांच्या घडणीत ठळक बदल होत गेले आणि पुढे टाकीवर तारखेचा शिक्काही नियमाने पडू लागला.

या कंदिलांत रॉकेलऐवजी नॅफ्था हे अधिक हलके इंधन वापरले जाते. टाकीतील हवेच्या दाबाने ते ‘जनरेटर’ नावाच्या तापलेल्या नळीत चढते, तेथे त्याची वाफ होते आणि ती हवेत मिसळून मेंटलमध्ये, म्हणजे धातूंच्या क्षारांत भिजवलेल्या जाळीदार पिशवीत, जळते. पहिल्या महायुद्धाच्या काळात आलेल्या ‘क्विक-लाइट’ कंदिलाची नळी काड्यांच्या ज्योतीने आधी तापवावी लागे, तर १९२०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या ‘इन्स्टंट-लाइट’ प्रकारात ही पूर्वतयारी टळली. त्यामुळे जनरेटर व झडप यांचा आकार पाहूनच कंदील कोणत्या पिढीतला हे जाणकार सांगू शकतो. पंप टाकीत बसवलेला आहे की वेगळा, आणि टाकी निकेलचा मुलामा दिलेल्या पितळेची आहे की रंग दिलेल्या पोलादाची, याही अशाच खुणा आहेत. मात्र त्या वर्ष सांगत नाहीत, फार तर दशक.

वर्ष सांगतो तो शिक्का. १९५१ ते १९८३ या काळात निघालेल्या, एका मेंटलच्या २००ए या लाल कंदिलाच्या बुडावर उजवीकडे वर्षाचे शेवटचे दोन अंक असतात आणि डावीकडे प्रारंभीच्या काळात ए किंवा बी, म्हणजे वर्षाचा पहिला वा दुसरा अर्धा भाग, तर पुढे महिन्याचा अंक.

येथेच नवख्या संग्राहकाची फसगत होते. काच फुटते, मेंटल ठिसूळ असते, जनरेटर काजळीने तुंबतो. हे सारे भाग बदलण्यासाठीच घडवलेले असल्याने त्यांच्यावरून कंदिलाचे वय काढणे म्हणजे जोड्याला नवा तळ लावला म्हणून जोडा नवा मानण्यासारखेच आहे. लाल टाकी व हिरवे झाकण असलेला १९५१चा २००ए संग्राहकांत ‘ख्रिसमस’ नावाने ओळखला जातो आणि त्याला मागणीही चांगली असते. परंतु झाकण माथ्यावरच्या एकाच नटाने बसवलेले असल्यामुळे ते सहज बदलता येते. म्हणून अशा कंदिलाची किंमत मान्य करण्यापूर्वी तो उलटा करून शिक्का वाचावा, आणि शिक्का रंगाशी जुळत नसेल तर शिक्क्यावरच विश्वास ठेवावा.